टिनावरचा मांडव

आमच्या गल्लीत मला वानरांनी मोठं केलं, हे मी कधी नाकारलेलं नाही.

गल्ली चंद्रपुरातली, परकोटाच्या आतली. घरं मातीच्या भिंतींची आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. माणसं कवेलूखाली आणि वानरं कवेलूवर, अशी जुनी वाटणी होती. चिंचेवरून एक टोळी उतरली की दोन उड्यांत वीस-पंचवीस कवेलू फुटायचे. दरवर्षी पावसाच्या आधी घर फेरून घ्यावं लागे, म्हणजे सगळे कवेलू उतरवायचे, फुटके काढायचे आणि पुन्हा बसवायचे. हे काम जाणणारी माणसं एकेक करून म्हातारी झाली, वानरं मात्र म्हातारी होईनात. मग लोक माझ्या पत्र्यांच्या दुकानी येऊ लागले. "टिन दाखवा जी," म्हणायचे. मी कधी जाहिरात केली नाही. ते काम चिंचेवर बसून फुकट चालू होतं.

मी मूळचा चामोर्शीकडचा. बाप गावच्या तलावात जाळं टाकायचा, आई आठवडी बाजारात मासळी विकायची आणि मी तिच्या बाजूला बसून भाव करायला शिकलो. मासळी दुपारनंतर उतरते, म्हणून गिऱ्हाईक दुपारच्या आत पटवावं लागतं. त्या मानाने टिन विकणं म्हणजे आराम. टिन नासत नाही आणि त्याच्यावर माशा बसत नाहीत. चंद्रपुरात आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात टिन उचलायचो. आता माझ्या दुकानात दुसरे उचलतात. मधलं सांगत बसत नाही. भाव करत गेलो, एवढंच.

भाव करताना मी माणसाच्या तोंडाकडे बघतो. उन्हाळ्यात नेमकी तीच अडचण होते. एप्रिल लागला की सगळं चंद्रपूर दुपट्ट्यात तोंड बांधून फिरतं, वर काळा चष्मा. समोरचा माणूस गरजू आहे की नुसता सावलीला उभा आहे, कळत नाही. एकदा अशाच एका बांधलेल्या तोंडाशी मी अर्धा तास घासाघीस केली, चांगला तापलो, आवाज चढवला. शेवटी दुपट्टा सुटला तर आत आमच्याच गल्लीतला शेजारी. म्हणाला, "ओळख न देता काय भाव लावता, ते पायून राह्यलो होतो." तेव्हापासून मी आधी दुपट्टा सोडायला लावतो, मग भाव सांगतो.

तर गल्लीतली घरं एकेक करून टिनाची झाली आणि ऊन घरात शिरलं. कवेलूच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. टिन कुणाला जाऊ देत नाही. दुपारी आत बसावं तर डोक्यावर तवा ठेवल्यासारखं वाटतं आणि दिवस बुडाल्यावरही भिंती कढतच राहतात. लोक मला बोल लावतात. मी म्हणतो, टिन मी विकलं, ऊन नाही विकलं. शिवाय मी प्रत्येकाला सांगितलं होतं, जाड घ्या, जरा उंच घ्या, खालून बांबूच्या चटईचा एक थर द्या. पण भाव तुटता तुटता माणूस आधी चटई सोडतो, मग उंची, आणि शेवटी जाडी. त्यात माझा दोष असलाच तर एवढाच की मी त्यांना सोडू दिलं.

गल्लीतलं सगळ्यात पातळ टिन माझ्या सासऱ्यांच्या घरावर आहे.

सासरे आयुष्यभर बसचे कंडक्टर होते. सुट्टे पैसे "उतरताना घ्या" म्हणायचे आणि माणूस विसरून उतरून जायचा. अशा माणसाशी भाव करून मी हरलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यांच्याशी कोणीच जिंकलेलं नाही. त्यांनी माझ्याकडून टिन घेतलं, त्याच सौद्यात वाहतूक घेतली, मजुरी घेतली, आणि उरलेले हूकही ठेवून घेतले. त्यांना तीन मुली. थोरली माझ्या घरात आहे. मधली ब्रह्मपुरीला दिली. तिचा नवरा, म्हणजे माझा साडभाऊ, सरकारी कचेरीत आहे, गोड बोलतो आणि त्याला घाम येत नाही. धाकटीच्या लग्नात माझा अपमान झाला.

तो अपमान असा. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवावर जांभळाचे हिरवे डहाळे टाकतात. त्यातला पहिला डहाळा थोरल्या जावयाच्या हातून पडतो. त्याला सुपारी देऊन बोलावतात, टिळा लावतात, खांद्यावर दुपट्टा टाकतात. त्या दिवशी माझा टिनाचा ट्रक आला होता आणि ट्रकवाला भाड्यावर अडला होता. मी त्याला वळणावर आणेपर्यंत थोडा उशीर झाला. बायको म्हणते दोन तास. मी पोचलो तेव्हा मांडव हिरवागार झाला होता आणि दुपट्टा साडभावाच्या खांद्यावर होता. सासरे म्हणाले, "बस कोणासाठी थांबत नाई, जवाईबापू."

त्या दिवसापासून मी त्या घरचं पाणी प्यायलो नाही. जातो, बसतो, बोलतो, भांडतो. पण पाणी नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात ही शपथ पाळणं म्हणजे काय, हे ज्याने पाळली त्यालाच कळेल. घरून बाटली घेऊन गेलं तर चालतं, पण मग शपथेचा तोरा राहत नाही.

आता गेल्या उन्हाळ्याची गोष्ट. सासूबाई गेल्यापासून सासरे एकटेच राहतात. बायको रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जाते. त्या दिवशी गेली तर सासरे खाटेवर ताठ बसलेले, अंग तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही, आणि भिंतीकडे बघून म्हणत होते, "वरोरा दोन! वरोरा कोण?" तिने आरडाओरडा केला. गल्ली गोळा झाली, दवाखान्यात नेलं, वाचले. डॉक्टर बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा वाचले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच टिनाखाली दुपार काढली, तर मी काही करू शकेन असं समजू नका."

हे वाक्य बायकोच्या डोक्यात बसलं. यंदा होळी झाली आणि ती खायची थांबली. मला म्हणाली, "बाबाले आपल्या घरी आणा."

आमचं घर स्लॅबचं आहे, कूलर आहे, मागे कडुनिंब आहे. मी विचारायला गेलो. सासरे म्हणाले, "पोरीच्या घरचं पाणी पेत नाई मी. आमच्यात चालत नाई."

"मामाजी, जमाना कुठी गेला."

"जमाना गेला असन. मी इथीच हावो. आन तुमी कोण सांगणार? तुमी तर माह्याच घरचं पेत नाई."

ते माझ्या घरचं पाणी पीत नाहीत आणि मी त्यांच्या घरचं, आणि दोघांच्या मध्ये माझी बायको दुपारचा डबा घेऊन उन्हात फिरते आहे.

म्हणजे माणूस हलणार नव्हता. घरच थंड करायला हवं होतं. आधी टिनाला चुना मारला. फरक पडला, पण आमच्या शहराच्या हवेत पांढरं फार दिवस पांढरं राहत नाही. महिन्यात त्याचा रंग चहासारखा झाला. टिन काढून पुन्हा कवेलू घालावे तर आता कवेलू करणारा मिळत नाही, आणि वानरं आहेतच. तेव्हा समोरच्या घरातली आजी बोलली. ही आजी सासऱ्यांपेक्षा मोठी आहे, एकटी आहे, कोंबड्या पाळते, आणि गल्लीत मला नावं ठेवण्याची सुरुवात रोज तिच्यापासून होते. ती म्हणाली, "पहिले उन्हाया आला का दारोदारी मांडव पडे. आता लग्नालेच पडते. टिनावरच टाका ना एखादा."

गोष्ट डोक्याला पटली. टिनाच्या वर हातभर अंतर सोडून बांबूची ताटी, त्यावर डहाळे. ऊन डहाळ्यांवर अडेल आणि मधल्या फटीतून वारा जाईल. बायको लगेच बापाकडे गेली. बाप म्हणाला, "टाका. पण मांडव हाये. थोरल्या जवायाच्या हाताशिवाय पडत नाई."

बायको आनंदाने हे सांगत घरी आली. मी ऐकलं आणि गप्प बसलो. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांच्या संसारात माझं गप्प बसणं म्हणजे काय, हे तिला माहीत आहे.

"तुमी आता भाव करान," ती म्हणाली.

"भाव नाई," मी म्हटलं. "मान. सुपारी देऊन बलवू दे. टिळा, दुपट्टा. मांडव हाये ना? मंग मांडवासारखा पडला पायजे."

"अजी, बाबाच्या जिवाचं हाये हे."

"त्याह्यच्याच जिवाचं हाये. त्याह्यले घाई पायजे, मले काऊन?"

हे वाक्य मी बोललो. लिहिताना वाईट वाटतं, पण बोललो. भावात पहिला नियम हाच आहे की ज्याला घाई, तो हरतो. मासळी आणि सासरे यांत फरक आहे, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

निरोप सुरू झाले. सासऱ्यांचं म्हणणं आलं की लग्न नाही, तर दुपट्टा कशाचा? मी कळवलं, लग्न नाही तर मांडव कशाचा? ते टोपीवर आले. मी म्हटलं, टोप्या गावजेवणात वाटतात. ते टॉवेलवर आले. मी विचारलं, नवा का? उत्तर आलं, एकदाच धुतलेला. मी दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी समोर बसून बोलणी झाली. ते खाटेवर, मी दारात, आणि टिन वरून दोघांना सारखंच भाजत होतं. बायकोने दोघांच्या मध्ये पाण्याचा लोटा ठेवला होता. ते प्यायले. मी बघितलं.

"दुपट्टा देतो," सासरे म्हणाले. "पण सुपारी नाई. सुपारी दिली का पुढच्या साली बी तुमी मागान."

"मागीनच. पुढच्या साली का ऊन पडनार नाई?"

"मंग सुपारी घ्या आन टिळा सोडा."

"टिळ्याले काय पैसे लागते का? हळद तुमच्या घरचीच हाये."

"थेच म्हणतो ना. घरची हाये, म्हणून देत नाई."

मी तापलो. मी तापतो तेव्हा उभा राहतो, आणि त्या दारात उभं राहिलं की डोकं टिनाला लागतं. लागलं. चटका असा बसला की मी परत बसलो. सासऱ्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "जाड घ्यायले पायजे होतं." एवढ्यावर सौदा तुटला.

या सगळ्यात एप्रिल गेला. रस्त्यांवर सिग्नलपाशी हिरव्या जाळ्या लागल्या. गाड्या सिग्नलच्या रेषेपर्यंत जातच नव्हत्या, जाळीच्या सावलीत वीस हात मागेच थांबत होत्या आणि हिरवा दिवा लागला तरी हलत नव्हत्या. आशाताई घरोघरी येऊन सांगून गेल्या की दुपारी बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, घाम थांबला तर घाबरा. सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "बाहेर पडू नका म्हणता. अन आतच मरून राह्यलो त्याचं काय?" आशाताई टिनाकडे बघून माझ्याकडे बघू लागल्या. त्या दिवशी मी दुकानात जाऊनही कोणावर ओरडलो नाही.

त्याच आठवड्यात बायको दुपारी डबा देऊन आली आणि ओट्यावर बसून राहिली. म्हणाली, "बाबानं आज पोळी अर्धी ठेवली. लघवी काळी होऊन राह्यली म्हणे." आणि तिने माझ्याकडे बघितलंही नाही. भांडली असती तर मी भांडलो असतो. मी बांबू मागवले. दुपट्टा, सुपारी, टिळा यांतलं काय ठरलं होतं आणि काय नव्हतं, याचा विचार न करता मागवले. मात्र सासऱ्यांना तसं कळवलं नाही. कळवलं असतं तर टॉवेलही गेला असता.

डहाळे आणायचं काम साडभावाकडे गेलं. त्याच्या ब्रह्मपुरीकडच्या बांधावर जांभळं आहेत, छाटणीला आलेली. तो लहान टेम्पोभर डहाळे घेऊन भल्या पहाटे हजर झाला, आणि सोबत स्वतःच्या खर्चाने एक दुपट्टाही. "भाऊ, मान तुमचाच," म्हणाला. माणूस इतका चांगला वागला की मला त्याचा पुन्हा राग आला.

सहाला काम सुरू करायचं होतं. ते झालं नाही, कारण मी म्हटलं की डफडं पाहिजे. इतकी वर्षं थांबलो, तर मुकाट्याने वर चढणार नाही. डफडेवाल्याला आणायला माणूस गेला. तो घरी नव्हता, दुसरा शोधला, तो आला तोपर्यंत साडेदहा झाले. आशाताई येऊन म्हणाल्या, "आता चढू नका जी, संध्याकाळी चढा." मी म्हटलं, "बाई, मी टिनाचाच माणूस हावो." सासऱ्यांनी टिळा लावला. शेवटी लावलाच. दुपट्टा खांद्यावर टाकला, सुपारी हातात दिली, डफडं वाजलं, गल्ली दारात उभी राहिली आणि मी शिडी चढलो.

पहिला डहाळा मी टाकला. दुसरा टाकला. त्या वेळचा आनंद मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. खाली साडभाऊ डहाळे उचलून देत होता, म्हणजे हमाली करत होता, आणि मी वर. बांबू बांधायला दोन माणसं होती, पण डहाळे मी कोणाला हात लावू दिले नाहीत. अर्ध्या तासाने चपलांचे तळ टिनाला चिकटू लागले. साडभावाने पाण्याचा लोटा वर धरला.

"या घरचं पाणी मी घेत नाई."

"भाऊ, आता तर मान भेटला."

"मान येगळा. शपथ येगळी."

तो हळूच म्हणाला, "हे पाणी ब्रह्मपुरीचं हाये. बाटलीतलं. फक्त लोटा इथचा हाये."

मी लोट्याकडे बघितलं. सासूबाईंचा पितळी लोटा. मी नको म्हटलं. शपथ घ्यायची तर भांड्यासकट घ्यावी.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते गल्लीने सांगितलेलं आहे. एवढं मात्र माझं मला आठवतं की एकदम बरं वाटू लागलं. घाम थांबला, अंगाला गार लागलं. मनात म्हटलं, लोक उगीच उन्हाला घाबरतात. मग म्हणे मी चिंचेकडे तोंड करून बसलो. चिंचेवर एक मोठं वानर बसलं होतं. मी त्याला टिन दाखवू लागलो. जाडी सांगितली, लांबी सांगितली, हूक वेगळे पडतील म्हणालो. वानर डोकं खाजवत होतं. मी त्याला म्हणालो, "पहिले दुपट्टा सोडा, मंग भाव सांगतो." ऊन डोक्यात चढलं की माणूस आपला धंदा करू लागतो; सासऱ्यांनी वरोऱ्याची तिकिटं फाडली होती, मी वानराला पत्रे विकत होतो. खाली गल्ली आधी हसत होती. हसणं पहिल्यांदा थांबलं ते सासऱ्यांचं.

"उतरवा त्याले," ते ओरडले. "भाव कमी करून राह्यला थो! त्याले ऊन लागलं."

हा प्रसंग मी शंभरदा ऐकला आहे आणि दर वेळी इथेच मला टोचतं. मी वानराला सूट दिली. गल्लीत एकालाही कधी दिली नाही, तेवढी दिली. आता गिऱ्हाइकं दुकानात येऊन "वानराचा भाव लावा" म्हणतात.

दोघांनी धरून उतरवलं. कोणी कांदा आणला, कोणी जोडा हुंगवायला काढला, कोणी तोंडात पाणी ओतायला निघालं. आशाताईंनी त्याचा हात धरला: "शुद्ध नाई त्याह्यले, तोंडात काई टाकू नका!" मग कंडक्टर जागा झाला. भरलेल्या बसमध्ये मे महिन्यात माणसं पडताना सासऱ्यांनी पुष्कळ बघितली होती. "मागं सरका! हवा येऊ द्या! खिडकी सोडा!" तिथे खिडकी नव्हती, पण सगळे सरकले. त्यांनी माझा सदरा काढला, स्वतःचं धोतर भिजवून मानेला, काखेत, जांघेत गुंडाळलं, सुपातून वारा घातला. माझी बायको अंगावर पाणी मारत होती आणि रडत होती आणि मला नावं ठेवत होती, तिन्ही एकदम. मी डोळे उघडले तेव्हा आशाताईंनी मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं. मी घटाघटा प्यायलो. पूर्ण लोटा. आणि मग लोटा ओळखला.

सासरे बघत होते. ॲम्ब्युलन्समध्ये माझ्या बाजूला बसले, आणि दवाखाना आल्यावर म्हणाले, "पेले."

"शुद्ध नव्हती."

"डोये उघडे होते."

"मीठ-साखर होती. पाणी नाई, औषध हाये थे."

"पाणी माह्या घरचं. साखर माह्या घरची. मीठ बी."

दवाखान्यात उष्माघाताची वेगळी खोली होती, थंड. मी तिथे दोन दिवस होतो आणि सासरे दोन्ही दिवस माझ्या उशाशी. बायको म्हणाली, कसं का होईना, बाबाच्या दोन दुपारी गारव्यात गेल्या. डॉक्टर तेच, गेल्या वर्षीचे. आधी ते चुकून सासऱ्यांनाच तपासू लागले.

तिकडे गल्लीत मांडव अर्धा राहिला होता. तो कोणी पूर्ण केला, हे मला कोणी सांगत नव्हतं, त्यावरूनच मी ओळखलं. साडभावाने केला. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पाणी पीत पीत, शांतपणे. शिवाय चांगला केला. मी टाकलेल्या डहाळ्यांतून ऊन गळत होतं, ते त्याने नीट करून घेतले. घरी आलो तेव्हा सासऱ्यांच्या दारात मान वाकवून मी हात वर करून टिनाला लावला. टिन कोमट होतं. भर दुपारी मी त्याला हात लावून मोजून वीस श्वास घेतले. बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "डहाळे पश्चिमेकडून कमी पडले हायेत." ती हसली. होळीनंतर ती पहिल्यांदा हसली असेल.

पण खरी दुपार पुढे होती. मे संपत आला आणि तीन दिवस असे आले की गल्लीत कुत्रंही दिसेना. डहाळ्यांची पानं वाळून खडखडत होती. बायको म्हणाली, "तुमी जाऊन पाहा." मी दोन वाजता, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, हातात बाटली घेऊन निघालो. दारात पोचलो तर सासरे चपला घालत होते.

"कुठी चालले?"

"समोर. बुढीच्या घरी आवाज नाई सकाळपासून."

समोरच्या आजीचं टिन उघडंच होतं. तेही मीच विकलेलं. मी सासऱ्यांच्या घरात डोकावलं तर आत गल्लीतले चार म्हातारे आधीच बसलेले, पत्ते टाकलेले, मधोमध माठ. सासऱ्यांनी एकेकाला सकाळीच गोळा करून आणलं होतं. फक्त आजी यायची राहिली होती.

"तुमी पाय बाहेर टाकायचा नाई," मी म्हटलं. "डॉक्टरनं काय सांगितलं?"

"तुमाले बी सांगतलं."

"मी जातो."

"तुमच्यानं बुढी येणार नाई. तुमचं नाव घेतलं का तिले जोर येते."

"येऊ दे. जोर आला तर ती चालत येईन."

आजी जमिनीवर ओलं लुगडं अंथरून पडली होती, डोळे उघडे. मला बघितलं आणि उठून बसली. सासरे खोटं बोलले नव्हते. "आला का टिनवाला. माह्या मढ्यावर बी एक पत्रा टाक."

"आजी, चाल. समोर गार हाये."

"कोंबड्या कोण पायन?"

"कोंबड्याले काई होत नाई."

"दोन मेल्या सकाळी. तुह्या टिनाखाली."

मी भाव करायला तोंड उघडलं. सवय. म्हणणार होतो, तू चल, कोंबड्या संध्याकाळी बघू. पण तिच्या कपाळाला हात लावला, तर ते कढत होतं, आणि घाम होता, म्हणजे अजून वेळ होता, फार नव्हता. मी म्हटलं, "किती हायेत?"

"सात. आन कोंबडा."

"आण."

"अंड्यावरची बी?"

"अंड्यासकट."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढं पटकन मी कशालाच हो म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिला त्यात काहीतरी लबाडी वाटली. पण उठली. मी तिच्या डोक्यावर माझा ओला दुपट्टा टाकला, तिला बाटलीतलं पाणी दोन घोट पाजलं, कोंबड्या झापात, त्यांच्या बांबूच्या टोपल्यात, घातल्या, ते झाप एका हातात उचललं आणि दुसऱ्या हाताने तिला धरलं. मे महिन्याच्या दोन वाजता, गल्लीच्या मधोमध, उघड्या डोक्याने, कोंबड्यांचं झाप घेऊन मी चाललो होतो. गल्ली रुंद नाही, पण त्या दिवशी तलावाएवढी लांब वाटली.

सासरे दारातच उभे होते. त्यांनी आजीला आत घेतलं, माठापाशी बसवलं, पंचा भिजवून मानेवर टाकला. मग झापाकडे बघितलं.

"हे कोण?"

"तिच्या सोबतचे," मी म्हटलं.

"जागा नाई," सासरे म्हणाले. मग वाकून झापात बघितलं. "बरं. लहान हायेत. हाफ तिकीट."

त्या तीन दुपारी आम्ही सगळे त्या एका खोलीत काढल्या. कोंबडा साडभावाचे डहाळे वर खडखडले की आरवायचा आणि मला वाटायचं मुद्दामच. आता गल्लीतल्या बाकी टिनांवर पुढच्या उन्हाळ्याच्या आधी मांडव टाकायचा म्हणून बांबूचा भाव काढायला लोक माझ्याकडे येतात. मी भाव सांगतो, ते वानराचा मागतात, आणि सासरे मधे बसून दोन्हीकडचे सुट्टे ठेवून घेतात. तेवढं चालतं. या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतून ॲम्ब्युलन्समध्ये एकच माणूस गेला, आणि तो मी.